पुरतं टाक

"हळू टाकायचं नाही हं, थोइनू. पुरतं टाक," चाओबी गुडघ्याला पट्टी आवळत म्हणाली. "अर्धवट टाकलंस तर मोडेन मी."

"पण इचे, तुझा पाय..."

थोइनू तिला इचे, म्हणजे ताई म्हणायची. इंफाळच्या त्या ज्युदोच्या आखाड्यात आठ वर्षं चाओबी सरावाची जोडीदार म्हणून तिच्या हातून पडत आली होती. ज्या डावाने थोइनूने पदक आणलं, तो बसवताना चाओबी रोज शंभरदा गादीवर आपटली आणि त्यातच गुडघा गमावून बसली. पदकामागून थोइनूला घर मिळालं, पोलिसात फौजदारकी मिळाली. चाओबीचा ऑपरेशनचा अर्ज मात्र परत आला.

"पदकाचा रकाना कोरा आहे," कारकून म्हणाला होता. "पडणाऱ्यांसाठी योजना नाही हो, बाई."

ज्याच्या हाती ससा तो पारधी, हेच खरं. पण आज नव्या हॉलच्या उद्घाटनाला मंत्री आले होते, आणि क्रीडा खात्याच्या साहेबांनी शब्द दिला होता, "दोघी तो डाव करून दाखवा. तुझा अर्ज लगेच त्यांच्यापुढे ठेवतो." गुडघ्यासाठी दुसरी काही आशा उरली नव्हती, म्हणून ती आली होती.

दोघी समोरासमोर वाकल्या, भिडल्या. थोइनूने तिला कमरेवर उचललं. चाओबी निर्धास्त होती. पडणं तिच्या हाडात मुरलं होतं.

पण थोइनूला दया आली. अर्ध्यातच तिने हात आखडला, ताईला अलगद ठेवायला गेली. चाओबीचा पाय आधी टेकला आणि गुडघा आत वळला. कट्‌कन आवाज झाला, तो तिलाच ऐकू आला, कारण टाळ्यांचा कडकडाट सुरू झाला होता.

"वा! फोटो घ्या, फोटो!" मंत्र्यांनी थोइनूला जवळ ओढलं. ती मागे वळून वळून पाहत होती, रडत होती. लोकांना वाटलं, आनंदाने रडतेय.

"साहेब, अर्ज..." चाओबी म्हणाली.

"नंतर गं, नंतर!" साहेब फोटोकडे धावले.

ती हातांवर रेटा देत उठली. एका पायावर लंगडत गादीच्या कडेला गेली, अंगरखा सारखा केला, पट्टा घट्ट केला. लढत संपली की प्रतिस्पर्ध्याला वाकून नमस्कार करायचा, हा ज्युदोचा रिवाज. समोरची जागा रिकामी होती.

चाओबी वाकली.