चौकीची डोलकाठी

होळीच्या दिवशी सकाळी साडेसातला हवालदार श्यामसुंदर शिर्के चौकीवर आले, तेव्हा कुंपणाजवळची बल्ली जागेवर नव्हती. पस्तीस फुटांची, सागाची. तीन दिवस ती तिथे आडवी पडून होती. आता तिथे फक्त चेपलेलं गवत होतं, आणि ओढल्याची एक सरळ रेघ बोनकोडे गावाकडे गेली होती.

साल १९८६. गाव आणि नव्या वसाहतीच्या इमारती यांच्यामध्ये ही चौकी होती. पत्र्याचं छप्पर, एक खोली, एक टेबल, एक सायकल. फोन नव्हता. जानेवारीत वैजयंती सबनीस यांच्या इमारतीत भरदुपारी चोर शिरले, तेव्हा शिर्क्यांनी सायकल हाणत वाशी गाठली आणि जीप घेऊन परत आले. चोर केव्हाच गेले होते. वैजयंतीबाई एका बँकेत टायपिस्ट होत्या आणि घड्याळाच्या पक्क्या. तेव्हापासून चौकीवरून जाताना त्या एवढंच म्हणत, "एक तास वीस मिनिटं, हवालदार."

शिर्क्यांनी सात अर्ज केले. शेवटी, पोलिसांच्या आधुनिकीकरणासाठी केंद्र सरकारनं दिलेल्या अनुदानातून चौकीला एक वायरलेस संच मंजूर झाला. अट एकच. मार्चअखेरीच्या आत तो चालू झालेला तपासणी अधिकाऱ्यानं स्वतः पाहायचा. नाही तर संच यादीतल्या पुढच्या गावाला. अधिकारी मुंबईहून येणार होते, त्यांना एकच दिवस मोकळा होता. धुळवड, दुपारी चार.

संच टेबलावर आला होता. लोखंडी खांब मागाहून येणार होता. तोवर अँटेना बल्लीवर चढवायची, असं ठरलं होतं.

शिर्के रेघेमागून गावात गेले. बल्ली लगेच सापडली. गावदेवीच्या देवळापुढे ती ताठ उभी होती. बुंध्याशी गवत आणि गोवऱ्या रचलेल्या, शेंड्याला आंब्याचा टहाळा, अंगाला हळदकुंकू. बायका नैवेद्य दाखवून परतत होत्या. खाली गोटीराम उभा होता. वय तीस, तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत फिटर.

"गोटीराम, ही बल्ली कुठली?"

"होलीची."

"त्याआधी?"

"त्याआधी जंगलातली असंल."

माणसं हसली.

"ती सरकारी आहे."

"मग काय झाला? सरकारनं आमची जमीन नेली, आमी सरकारची एक बल्ली नेली. अजून लय मागं हाव आमी."

गोटीरामची आई गोजराबाई ओट्यावरून म्हणाली, "अगो बया, पोलिसाच्या घरात चोरी! आता तक्रार कोनाकडं देनार, हवालदार?"

होळीसाठी लाकूड पळवायचं, हे गावात चोरी धरत नसत. ज्याचं गेलं त्यानं चार शिव्या द्यायच्या आणि संध्याकाळी नारळ घेऊन होळीला यायचं. शिर्के साताऱ्याकडचे, त्यांनाही हे ठाऊक होतं. आणि पुजलेली होळी उतरवता येत नाही, हेही. गुन्हा नोंदवला असता तरी बल्ली संध्याकाळी जळणारच होती. वर या गावातली निम्मी माणसं वसाहतीसाठी गेलेल्या जमिनीच्या आंदोलनात पोलिसांसमोर उभी राहिलेली होती. दुसरी बल्ली आणावी, तर वाशीतल्या लाकडाच्या वखारी सणामुळे दोन दिवस बंद होत्या.

शिर्क्यांनी टोपी काढली आणि ओट्यावर बसले. "उद्या चारला साहेब येणार. खांब उभा असला आणि वाशीशी बोलणं झालं, तर पेटी इथं राहील. नाही तर गाडीत घालून परत नेतील."

"नेऊ दे," गोटीराम म्हणाला. "पोलिसांच्या पेटीचा आमाला काय उपेग?"

तोवर त्याचा बाप हिरामण आतून बाहेर आला होता. सत्तरीचा, उघडा, खांद्यावर पंचा. एके काळी त्याचा मासेमारीचा मचवा होता. भरावानं खाडीचं तोंड आखडलं, तेव्हापासून चार वर्षं मचवा चिखलातच रुतून बसला होता.

"ती बल्ली क्याला व्हती, हवालदार?"

"तिच्या टोकाला तार बांधायची, दादा. उंचावर असल्याशिवाय आवाज जात नाही."

"म्हंजे आडवी पडली व्हती, पन कामाची व्हती?"

"हो."

हिरामण मुलाकडे वळला. "गोट्या, होलीला काय नेयाचा नाय?"

गोटीरामनं मान खाली घातली. गावातल्या प्रत्येकाला ते पाठ होतं. "उंबरा, नांगर, वल्हा, डोलकाठी."

"का?"

"कामाचा लाकूड हाय म्हनून. पन बाबा, ती गवतात पडलेली..."

"माजी डोलकाठी चार वरसं वलचनीला पडली हाय. तिला नेलीस का तू?"

कोणी हसलं नाही. हिरामणनं घराच्या बाजूला बोट दाखवलं. वळचणीखाली, तीन खुंट्यांवर, डोलकाठी होती. अडतीस फूट, काळीभोर, माशाच्या तेलानं चकाकणारी. "त्यांची डोलकाठी आपल्याकडनं गेली. आपली त्यांना जायाची."

"बाबा, मचव्याचं काय?"

हिरामण पंच्यानं डोलकाठीवरची धूळ पुसू लागला. बोलली ती गोजराबाई. "न्या एकदाची. दर नारली पुनवेला तेल चोलतो तिला. मला एवढा तेल कधी लावला नाय यानी."

धुळवडीला सकाळी नऊला डोलकाठी निघाली. बारा खांदे, पुढे गोटीराम, अंगावर कालची राख आणि आजचा गुलाल. इमारतींतली माणसं पिचकाऱ्या घेऊन खाली उतरली होती, तीही मागून आली. वायरलेसचा शिपाई भगवान यानं शेंड्याला अँटेना बांधली. त्याची गाठ पाहून हिरामणनं ती सोडली आणि स्वतः मारली.

"हा घोड्याला बांधतंय का काय?"

खड्डा पाच फूट. तीन दोर तीन दिशांना. हिरामण मधोमध उभा राहिला आणि त्यानं हात वर केला.

"हय्या!"

"हो!" माणसांनी ओढलं. टोक कमरेइतकं उठलं. खांद्याइतकं. पत्र्याच्या वर गेलं आणि एकदम वसाहतीच्या बाजूला कललं. बायका ओरडल्या. शिर्के धावले, पश्चिमेचा दोर त्यांनी पोटाला गुंडाळला आणि सरळ खाली बसले. वैजयंतीबाई पांढऱ्या साडीनिशी त्यांच्यामागे दोराला लोंबकळल्या.

"हय्या!"

"हो!"

डोलकाठी खड्ड्यात धप्पकन बसली आणि उभी राहिली.

साहेब चारला पाच मिनिटं कमी असताना आले. जमलेल्या दोनशे माणसांकडे पाहून त्यांनी गाडीची काच वर केली, मग खाली केली आणि उतरले. खांबाजवळ जाऊन त्यांनी हुंगलं. "हवालदार, याला मासळीचा वास का येतोय?"

"गावानं दिलाय, साहेब. जातिवंत आहे."

भगवाननं खटका दाबला. खरखर. पुन्हा दाबला. खरखर. मग पेटीतून स्वच्छ आवाज आला, "वाशी ऐकतंय, बोला."

बाहेर एकच स्फोट झाला. दोनशे माणसांनी तोंडावर हात मारून होळीची बोंब ठोकली. ढोल, पत्र्याचे डबे, पोरीबाळींच्या किंकाळ्या. भगवान बोलत राहिला, पण पलीकडे त्याचा शब्द पोचेना. वाशीचा आवाज चढला, "काय गडबड आहे? दंगल आहे का? थांबा, निघालो!" आणि बंद झाला.

"अहो, नको..." शिर्के म्हणाले. उशीर झाला होता.

वैजयंतीबाईंनी मनगटावरचा गुलाल पुसला आणि घड्याळ पाहिलं. साहेबांनीही पाहिलं. ढोल थांबले. जो तो रस्त्याकडे बघू लागला. एस.टी. गेली. एक टेम्पो गेला. मग वळणावर धूळ उठली आणि जीप दिसली. आठ पोलीस लाठ्या घेऊन उड्या टाकून उतरले. समोर रंगानं माखलेली दोनशे माणसं टाळ्या वाजवत होती.

"चौदा मिनिटं, हवालदार!" वैजयंतीबाई ओरडल्या. ओरडताना त्यांचा आवाज फाटला.

साहेबांनी टेबलावर कागद ठेवला, चौदा हा आकडा लिहिला आणि खाली सही केली. गोजराबाईनं सहीची शाई वाळायच्या आत शिर्क्यांच्या दोन्ही गालांना गुलाल फासला. गोटीराम लाठीवाल्या पोलिसांना पुरणपोळी वाढत होता.

हिरामणनं जीप पाहिलीच नव्हती. तो पश्चिमेच्या दोराशी उभा होता, दोन बोटांनी तो ताणून पाहत होता.

"हवालदार, इकडं या. यो हातभर आवला. रातचा वारा फिरला तर कलंल ती."

शिर्के कागद तसाच टेबलावर टाकून धावले.