तेलाच्या नळीतली चिंधी

सिरसाळ्याच्या सुंदररावांच्या पिठाच्या गिरणीचं इंजिन दोन वर्षं बंद पडून होतं. आधीच झिजलेलं, वर जळालेलं. बायाबापड्या पुन्हा घरच्या जात्यावर आल्या होत्या. शेवटी सुंदररावांनी खाजामियाँ मिस्त्रीला बोलावलं आणि बजावलं, की नवं काही आणायचं नाही, आहे त्यातच इंजिन उभं करायचं.

खाजामियाँनं ते सगळं सुटं केलं. एका भंगार इंजिनाची रिंग कानशीनं घासून घासून बसवली, फुटक्या पितळी घागरी वितळवून दांडा ज्यात फिरतो तो बुश ओतला. एरवी त्यानं तेलाची नळी सरळ बदलली असती. आता तीच वापरायची म्हणून आत तार घातली, तर काळीकुट्ट चिंधी बाहेर आली. रॉकेलमध्ये धुतल्यावर हिरव्यावर पांढरे ठिपके दिसले. ती त्याच्या बायकोची, मदिनाबीची, जुनी ओढणी. तिचे तुकडे तो काम करताना हात पुसायला वापरायचा.

खाजामियाँनं चिंधी पिळून खिशात घातली.

दोन वर्षांपूर्वी इंजिन साफ करून दिलं होतं त्यानंच; तेव्हाच ही चिंधी नळीत राहून तेल अडलं होतं. आठव्या दिवशी ते जळालं, तेव्हा त्यानं बेधडक सांगितलं होतं, की इंजिन चालवणाऱ्या आसारामनं तेल घातलं नाही. आसाराम पोटच्या पोरीची आण घेऊन नाही म्हणत राहिला. त्याचं कुणी ऐकलं नाही. आता तो परळीच्या सडकेवर खडी फोडत होता.

इंजिन चालू झालं. सुंदररावांनी चार लोकांत खाजामियाँला फेटा बांधला. "आसारामनं मारलं, मिस्त्रीनं जगवलं," ते म्हणाले. लोक हसले. खाजामियाँला तिथंच बोलायचं होतं, पण तोही हसला. घरी गेल्यावर त्या हसण्याची त्याला अशी शिसारी आली, की त्यानं ताट बाजूला सारलं. मदिनाबीनं विचारलं, तर तिलाही सांगवेना.

दुसऱ्या दिवशी तो सडकेवर गेला, चिंधी आसारामपुढं ठेवली आणि सगळं सांगितलं.

आसारामनं चिंधीकडं एकदा बघितलं. मग म्हणाला, "मला काहून दाखवता? मी तेल घातलं व्हतं, ते मला ठावं हाय."

खाजामियाँनं हात जोडले.

"माफी नगं मला. त्या बोलापायी पोरीची सोयरीक मोडली माझ्या. जिथं बोललात तिथंच बोला."

बाजारच्या दिवशी गिरणीपुढं दळणाची रांग होती. खाजामियाँनं इंजिन बंद करायला लावलं.

"सुंदरराव, तवा इंजिन माझ्या हातानं जळलं. आसारामचा कसूर न्हाई."

सुंदररावांनी मान खाली घातली, कारण आसारामला हाकललं होतं त्यांनीच. त्याच दुपारी त्यांनी गडी पाठवून त्याला बोलावून घेतलं.

आसाराम परत इंजिनावर आला. मोडलेली सोयरीक मात्र पुन्हा जुळली नाही. खाजामियाँ दुरुस्तीला आला, की आसाराम बाजूला सरकून जागा द्यायचा, विचारलं तेवढंच सांगायचा. खाजामियाँनंही त्याच्याकडून त्याहून जास्त कधी मागितलं नाही.