दोघींचे ठिपके

पडद्यावर ठिपक्यांचे दोन थवे उतरले, तसा मॅडमचा चेहरा उजळला.

“आजारी एकीकडे, निरोगी दुसरीकडे. काका, जिंकलो आपण.”

प्रयोगशाळेत सगळे त्यांना काकाच म्हणत. माणसाच्या जनुकांवर रासायनिक खुणा बसलेल्या असतात. कुठलं जनुक जागं, कुठलं निजलेलं, ते त्यांवरून कळतं. माणसागणिक अशा लाखो खुणा. काका त्यांतून एकेका माणसाचा एकच ठिपका करत. खुणा जुळल्या की ठिपके जवळ, नाहीतर लांब.

काकांनी आजारी लाल रंगवले, निरोगी निळे. दोन्ही थव्यांत लाल-निळ्याची सरमिसळ. म्हणजे हे थवे आजाराचे नव्हतेच. मग रक्ताचा नमुना कुणी तयार केला, त्याप्रमाणे रंग दिला. एक थवा अख्खा हिरवा, दुसरा अख्खा पिवळा, मधे ओसाड पांढरी वाट.

हिरवे नमुने काकांच्या बायकोने केले होते. ती गेली आणि उरलेले नव्या मुलीने केले.

“म्हणजे मीच घोळ घातला?” मुलगी दारातूनच म्हणाली.

“नाही गं. हात वेगळा, इतकंच. कुणी थेंब सावकाश सोडतं, कुणी झरझर. मोजणीत ते उतरतं.”

“हातांचा फरक काढून टाकता येईल?” मॅडमनी हळूच विचारलं. “नाहीतर हिरवे सोडून द्यावे लागतील.”

“येईल. दोघींकडे आजारी-निरोगी सारख्याच प्रमाणात होते, म्हणून आजाराचा फरक शाबूत राहील.”

सगळे जेवायला गेले. काका बसून राहिले. बायकोचे कपडे तिच्या बहिणीने नेले होते, उशीचा वास कधीच विरला होता. आणि इथे, आकड्यांच्या तळाशी, तिचा हात तसाच होता, संथ. घरी चहासुद्धा ती असाच ओतायची. निवला म्हटलं, की म्हणायची, “एवढी घाई असेल तर नळाखाली ओंजळ धरा.”

तो हात राखावा, तर तिचं सगळं काम कचऱ्यात. काम राखावं, तर हात पुसायचा. शिवाय त्या हिरव्यांतले कितीतरी जण आता पुन्हा रक्त द्यायला येणार नव्हते.

काकांनी कळ दाबली. चित्र नव्याने उमटलं. पांढरी वाट बुजली, हिरवे-पिवळे एकमेकांत मिसळले. लाल-निळा रंग दिला, तर लाल खरोखरच एकीकडे गोळा झाले होते, निळे दुसरीकडे.

मुलगी हात पुसत मागे येऊन उभी राहिली.

“अय्या, छान झालं. काका, यात माझे कुठले?”

काकांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, पुन्हा डावीकडे.

“आता नाही सांगता येत,” ते म्हणाले.

ती मॅडमना बोलवायला गेली. काका पडद्यापुढे उभे होते, भर गर्दीत सोबतीचं माणूस हरवल्यासारखे.