पहिली पंगत

शालूबाई देवळामागच्या हौदापाशी वरणाचं मोठं पातेलं घासत होती, तेवढ्यात हरीशची मोटारसायकल आली. त्यानं गाडी बंदही केली नाही. बसल्या जागेवरूनच विचारलं, "काकू, काल हळदवाल्यांच्या पालावर जेवण तूच नेलं होतंस ना?"

"व्हय. काहून?"

"समद्यायला उलट्या-जुलाब होऊन राहिले. पहाटंपासून. ट्रॅक्टरमधी घालून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. बाबूसिंगचं लेकरू तर डोळेच उघडंना म्हणून राहिले."

शालूबाईचा राखेनं भरलेला हात पातेल्यात तसाच राहिला. पालावरच्या बाबूसिंगला एकच लेकरू होतं. आरोही.

"तू घरी जा," हरीश आवाज खाली आणून म्हणाला. "दवाखान्याकडं फिरकू नको. कुणी काही विचारलं तर मला ठाव न्हाई म्हणायचं. मी बघतो काय ते."

आणि तो गेला. हौदाच्या पलीकडे बाया ताटं धूत होत्या. त्यांनी ऐकलं होतं की नव्हतं कोण जाणे, पण सगळ्यांचे हात एकदम थांबले होते.

हरीश तिच्या दिराचा मुलगा आणि गावच्या सप्ताह समितीचा अध्यक्ष. आदल्या दिवशी काल्याचं कीर्तन होऊन सप्ताह संपला होता आणि दुपारभर महाप्रसादाच्या पंगती उठल्या होत्या. दरवर्षी या दिवसानंतर गावाची दशा बघवत नसे. थर्माकोलच्या प्लेटा आणि पाण्याचे पातळ ग्लास वाऱ्यानं उडून हळदीच्या वावरात जाऊन बसायचे. उरलेलं अन्न जेसीबीनं खड्डा खणून पुरायचं, वरून किडे मारायची पावडर फेकायची, म्हणजे कुत्री-डुकरं उकरणार नाहीत. गेल्या वर्षी शालूबाई त्या खड्ड्याच्या काठावर उभी होती. यंत्राच्या एका सोंडेबरोबर बुंदीचा ढीगच्या ढीग मातीखाली गेला, तेव्हा ती तिथून निघून आली होती. यंदा तिनं बचत गटाच्या बायांना गोळा केलं, पार डोंगरकडा गावापर्यंत फिरून स्टीलची ताटं मागून आणली, धुण्याचं काम अंगावर घेतलं. गावात प्लेटेचा एक तुकडा उडाला नव्हता. काल कीर्तनकारांनी माइकवरून तिचं नाव घेतलं, तेव्हा ती लाजून खांबाआड झाली होती.

पण माणसं कमी आली. त्याच दिवशी कुरुंदा गावाकडच्या अंगाला कुणाचा तरी मोठा कार्यक्रम होता. दुपार कलली तरी वरण-भाताची पातेली भरलेलीच. हरीश म्हणाला, खड्डा तयार आहे, टाकून मोकळं होऊ. तेव्हा शालूबाईच मध्ये पडली होती. "शिवाराच्या कडंला हळद शिजवणारी माणसं हायेत की रं. पालं ठोकून राहिलेत. त्यायला दिऊ."

"ने मग. पण तुझं तू बघ."

तिनं बघितलं होतं. वाफाळतं वरण आणि भात दुधाच्या कॅनांत भरून घेतले, बुंदी एका डब्यात. धूळ जाऊ नये, माशी बसू नये म्हणून झाकणं गुडघ्यानं दाबून घट्ट बसवली. पालावर पोचली तेव्हा बाबूसिंगची बायको मिराबाई हळदीच्या कढईखाली जाळ सारत होती. हळदीनं कोपरापर्यंत पिवळी. "बरं झालं, काकू," ती म्हणाली होती. "आता कढई उतरल्यावरच जेवू. आज चूल पेटवायची न्हाई." आणि आरोहीनं ओंजळ पुढे केली होती, बुंदीसाठी.

शालूबाई घरी आली. नवरा दगडोबा ओसरीवर बसला होता. बातमी त्याच्यापर्यंत आधीच आली होती.

"आत जाऊन बस," तो म्हणाला. "दार लावून घे."

"लेकराचं काय झालं असंल वो?"

"आपल्या हातात हाय का ते? पोलीस येतेन आता. हरीश म्हणला ना बघतो म्हणून?"

ती आत जाऊन बसली.  रस्त्यावरून गाडी गेली की ती दाराकडे बघे. आता थांबेल, आता कुणीतरी हाक मारील. तुरुंग कसा असतो हे तिला माहीत नव्हतं, पण तिच्या डोळ्यांपुढे तुरुंग येत नव्हता. पुन्हा पुन्हा येत होती ती इवलीशी ओंजळ. मी इथं दार लावून बसले आणि तिकडं ते लेकरू गेलं तर? या विचारासरशी ती उठली. ती मोरीत गेली, तोंड धुतलं आणि मागच्या दारानं बाहेर पडली. दगडोबाला सांगितलं असतं तर त्यानं अडवलं असतं, आणि तिला अडवून घ्यावंसं वाटलं असतं.

फाट्यावर जीप मिळाली. आत माणसं दाटीवाटीनं बसली होती आणि बोलणं तेच चाललं होतं.

"उष्टं खाऊ घातलं म्हणं त्यायला."

"एक तर गेलंच म्हणून राहिले."

"कोन गेलं?"

"काय ठाव. लहान लेकरू हाय म्हणं."

शालूबाईनं पदर पुढे ओढला. शेजारच्या बाईनं विचारलं, "कुठं चालल्या, मावशी?"  तिनं नुसती मान हलवली. एक क्षण तिला वाटलं, जीप थांबवावी, उतरावं आणि वावरातून जिकडं वाट फुटेल तिकडं चालत सुटावं. पण जीप थांबली ती दवाखान्यासमोरच.

व्हरांड्यात पालावरची माणसं चटयांवर पडली होती. कुणाच्या हाताला सलाईन, कुणी भिंतीला टेकून पोट धरून. म्हातारी शकुबाई, बाबूसिंगची आई, डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती. म्हणजे ती जिवंत होती. लेकरू कुठं दिसेना. शालूबाई खांबाला धरून उभी राहिली. 

आतल्या दारात हरीश उभा होता. त्याच्यासमोर तरुण डॉक्टरीणबाई, बाजूला पोलीस जमादार. हरीशचा चेहरा मातीसारखा झाला होता.

"नक्की काय खाल्लंय यांनी? मला ते कळलं पाहिजे," डॉक्टरीणबाई म्हणत होत्या.

"मॅडम, समितीनं काही दिलं न्हाई त्यायला," हरीश म्हणाला. "उरलेलं आमी खड्ड्यात टाकलं होतं. तिथून उचलून नेलं असंल त्यायनी. आमी तरी काय करणार?"

"खड्ड्यात आणखी काही टाकलं होतं?"

हरीश घुटमळला. "ते... किडे मारायची पावडर. दरसाल टाकतो."

डॉक्टरीणबाईंचा आवाज बदलला. "सिस्टर, पोट धुवायची नळी आणा. नांदेडला फोन लावा. लहान मुलगी आधी." मग स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "पण लक्षणं विषासारखी दिसत नाहीत." मग त्यांनी दाराआड कुणाला तरी विचारलं, "बाई, खरं सांगा, खड्ड्यातलं खाल्लं का तुम्ही?"

तेव्हा शालूबाईला मिराबाई दिसली. दाराआड, खाटेच्या दांडीला धरून बसलेली. आणि खाटेवर आरोही, एवढीशी, ओठ पांढरे पडलेले, डोळे खोल गेलेले.

"न्हाई वो बाई," मिराबाई रडत म्हणाली. "आमी कुत्री हाव का खड्ड्यातलं खायाला? आमाला आणून दिलं. काकूनं आणून दिलं."

"कोण काकू?" जमादारानं विचारलं.

"हे लोक काहीबी सांगतेत, साहेब," हरीश म्हणाला, आणि तेवढ्यात त्याची नजर खांबापाशी गेली. त्यानं शालूबाईला बघितलं. मान अगदी बारीक हलवली. जा, अशी.

शालूबाईला जायचंच होतं. अंगातला कण न् कण जा म्हणत होता. हरीशला तिनं अंगाखांद्यावर वाढवलं होतं आणि तो काही वाईट पोरगा नव्हता. तोही तिच्यासारखाच भेदरलेला होता. पण समोर परिचारिका ती लांब नळी घेऊन खाटेकडे निघाली होती. त्या नळीकडे बघत शालूबाईचं तोंड उघडलं. आवाज आला तो तिला स्वतःचा वाटला नाही.

"मी दिलं."

सगळे वळले.

"मी दिलं, माझ्या हातानं. खड्ड्यातलं न्हाई. खड्ड्यात पडायच्या आधीच मी भरून घेतलं. वरण-भात आन् बुंदी. पावडरीचा त्याच्याशी काही संबंध न्हाई, बाई. त्या लेकराच्या नरड्यात ते घालू नका."

"काकू!" हरीश ओरडला.

डॉक्टरीणबाई तिच्याजवळ आल्या. "घाबरू नका. नीट सांगा. शिजलं कधी?"

"दुपारच्या आधी."

"आणि यांनी खाल्लं कधी?"

"रात्री, कढई उतरल्यावर," मिराबाई म्हणाली.

"तोवर ठेवलं कशात होतं?"

"कॅनात. गरमच भरलं. धूळ जाऊ नये म्हणून मी झाकणं घट्ट..." शालूबाई बोलता बोलता थांबली. काय झालं असेल ते तिला डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्यावरच दिसलं. दुपारपासून रात्रीपर्यंत, बंद झाकणाखाली, वाफेतल्या वाफेत अन्न आंबलं होतं. तिनंच गुडघ्यानं दाबलं होतं.

"सिस्टर, नळी राहू द्या. सलाईन वाढवा. दोन्ही हातांना लावा मुलीच्या." डॉक्टरीणबाई वळल्या. "अन्न खराब झालंय. विष नाही. पण हिच्या अंगात पाणी उरलेलं नाही. आता हिला लघवी होते का यावर लक्ष ठेवा. झाली की लगेच मला सांगा. नाही झाली तर नांदेडला हलवावं लागेल."

जमादारानं शालूबाईचं नाव विचारलं. तिनं सांगितलं. "इथंच थांबा," तो म्हणाला. ती कुठं जाणार होती?

ती खाटेच्या दुसऱ्या बाजूला फरशीवर बसली. मिराबाईनं तिच्याकडे बघितलं नाही. बाबूसिंग दारात आला, पोटावर हात दाबून उभा राहिला, शालूबाईकडे बघून परत व्हरांड्यात जाऊन पडला. तो दोन शिव्या देता तर तिला बरं वाटलं असतं.

सलाईनचा थेंब पडायचा, थांबल्यासारखा वाटायचा, पुन्हा पडायचा.  लेकराची छाती हलते का ते बघता बघता तिचे डोळे दुखायला लागले. मध्येच वाटायचं, हलायची थांबली. ती अर्धवट उठायची. मिराबाईही त्याच वेळी वाकलेली असायची. दोघींची डोकी खाटेवर जवळजवळ लागायची आणि दोघी पुन्हा मागे सरायच्या. बाहेर ऊन चढलं, भिंतीवरून खाली उतरलं. हरीश केव्हातरी निघून गेला होता. परिचारिका येई, चादरीखाली हात घाली, मान हलवून जाई.

शालूबाईनं देवाला नवस बोलायचा प्रयत्न केला, पण काय बोलायचं ते सुचेना. देवाच्या नावानंच तर ते अन्न शिजलं होतं.

ऊन दारापर्यंत आलं असताना मिराबाई एकदम ताठ झाली. तिनं लेकराच्या खाली हात घातला. बाहेर काढून बघितला. पुन्हा घातला. मग तोच ओला हात तिनं खाटेवरून पलीकडे केला आणि शालूबाईच्या मनगटावर दाबला. उबदार होता.

"वलं झालं, काकू," ती म्हणाली. "वलं झालं."

डॉक्टरीणबाईंना बोलवायला शालूबाई उठली. ती व्हरांड्यात भिंत धरधरत गेली.

सगळे वाचले. जमादारानं तिला दोन-तीनदा ठाण्यात बोलावलं, प्रत्येक वेळी ती आदल्या रात्री जेवली नाही. मग बोलावणं थांबलं. गावात काही बाया हौदावर तिला बघून बोलणं बदलायच्या. हरीश तिच्या दारावरून मान वळवून जाऊ लागला. समितीनं ठरवलं की यापुढे उरलेला एक घासही मांडवाबाहेर जाणार नाही, सरळ खड्ड्यात जाईल. वर्षभर शालूबाई कुणाच्या बारशाला गेली तरी वाढायला उठली नाही. झाकण लावलेलं भांडं दिसलं की तिचा हात आधी झाकणाकडे जाई.

पुढच्या सप्ताहाची बैठक देवळात भरली, तेव्हा ती न बोलावता गेली आणि बायांच्या मागे बसली. सगळ्यांचं बोलून झाल्यावर ती उभी राहिली.

"उरलेलं देऊ नका," ती म्हणाली. "ते माझं चुकलं. पण उरूच कशाला द्यायचं? समदं एकदम शिजवू नका. एक कढई सरत आली की दुसरी चढवा. आन् पालावरच्यायला उरल्यावर न्हाई, आधी बोलवा. पहिली पंगत त्यायची. आपल्यासंगं, गरमगरम."

कुणीतरी मागून हसलं.  मग हरीश जमिनीकडे बघत म्हणाला, "काकू म्हणती तसं करा." तिच्याकडे त्यानं बघितलं नाही.

पालावर निरोप द्यायला ती स्वतः गेली. बाबूसिंग यंदाही आला होता. तो म्हणाला, "बघतो." त्या 'बघतो'वर ती दोन रात्री जागी होती.

काल्याच्या दिवशी मांडवात पहिली पंगत बसली तेव्हा ती माणसं आली. धुतलेल्या कपड्यांत, जरा अवघडून, एका रांगेत. समोर गावातले लोक. ताटं मांडली, वाफाळता भात आला, वरण आलं. शकुबाईनं हात जोडले. बाबूसिंगनं घास घेतला. शालूबाई खांबापाशी उभी राहून बघत होती.

मिराबाई टोकाला बसली होती. तिनंही भात कालवला, घास घेतला, गिळला. मग हळूच कमरेजवळचं फडकं सोडलं, त्यातली घरची भाकरी काढली, तुकडा मोडला आणि शेजारी बसलेल्या आरोहीच्या हातात दिला. पोरगी वाढली होती. ती निमूट खायला लागली.

बुंदीची बादली घेऊन वाढपी तिथवर आला. आरोहीसमोरचं ताट रिकामं होतं. तो वाकला.

"तिथं नको वाढू," शालूबाई पुढे होऊन म्हणाली. "वाया जाईल."

मिराबाईनं वर बघितलं. शालूबाईनं आरोहीसमोरचं ते कोरं ताट उचललं, पाण्याचा तांब्या भरून तिच्या हाताजवळ ठेवला आणि पुढच्या माणसाला मीठ वाढायला गेली.