उद्धट इस्त्रीवाली

घरच्या लॉन्ड्रीतला बॉयलर सासरे सांभाळायचे, आणि सासऱ्यांपुढे ब्र काढायची कुणाची छाती नव्हती. त्या दुपारी बॉयलर आतून थरथरायला लागला, दाबाचा काटा लाल पट्ट्यात शिरला, तेव्हा चादरींच्या घड्या घालता घालता सुनेला ते दिसलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने दिराकडे, दिराने जमिनीकडे. सासरे खुर्चीत डोळे मिटून म्हणाले, "काही होत नाही त्याला."

पायाखालची फरशी हादरू लागली. सुनेने पुढची चादर उचलली.

परमुलखातून आलेली नवी इस्त्रीवाली तेवढी उठली. तिच्या माणसांत म्हाताऱ्यांची चूक तोंडावर सांगायची रीत होती, म्हणून इथे सगळे तिला उद्धट म्हणायचे. "आजोबा, तुझं चुकतंय," म्हणत तिने सरळ गॅस बंद केला.

हळूहळू थरथर थांबली. अजून लाल पट्ट्यातच असलेला काटा बघून सासरे पांढरेफटक पडले.

"तुमच्यापैकी कुणालाच कळलं नाही?"

"कळलं होतं," सून म्हणाली. मग नवरा तेच म्हणाला, मग दीर.

बॉयलरकडेही पाहिलं नसेल इतक्या भीतीने सासऱ्यांनी आपल्या माणसांकडे पाहिलं. मग खुर्ची उचलली आणि इस्त्रीवालीच्या टेबलाशेजारी नेऊन ठेवली.