अंगात राहिलेलं

“रक्त वाईट नाही हो तुमचं,” रक्तपेढीचे डॉक्टर पुन्हा म्हणाले. “फक्त ते दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही. यापुढे कधीच नाही.”

समोरच्या बाईने मांडीवरची पर्स उगाच सरळ केली. ती तयार कपड्यांच्या दुकानात अल्टरेशनला बसायची. वर्षानुवर्षं सुट्टीच्या दिवशी इथे येऊन रक्त द्यायची. मागच्या आठवड्यात नुसता नमुना घ्यायला बोलावलं, आज डॉक्टरांना भेटा म्हणाले, तेव्हा धाकटी मुलगी नाचलीच होती. “सत्कार असणार, आई, बघच तू!” म्हणून बाईने ठेवणीतले कपडे घातले होते. धाकटीही बरोबर आली होती, पहिल्यांदाच रक्त द्यायला.

“पण झालं काय?”

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. तिच्या रक्तातला प्लाझ्मा, म्हणजे पिवळसर पाण्यासारखा भाग, वेगळा काढून गोठवून ठेवला होता. ऑपरेशननंतर एका माणसाला तो चढवला. थोड्याच वेळात त्याला धाप लागली. फुप्फुसं सुजली, त्यांत पाणी भरलं.

“माझ्यामुळे?”

“गरोदरपणात काही बायकांच्या अंगात बाळाच्या पेशींविरुद्ध एक द्रव्य तयार होतं. बाळ अर्धं बापाचं ना, शरीराला ते परकं वाटतं. आईला त्याचा काही त्रास नसतो, ते नुसतं अंगात राहून जातं. पण गोठवलं तरी ते नाहीसं होत नाही. दुसऱ्याच्या अंगात गेलं की क्वचित त्याच्या पांढऱ्या पेशींना चिकटतं, आणि त्या पेशी फुप्फुसात जाऊन थैमान घालतात. त्याला ज्यांचं ज्यांचं रक्त गेलं, त्या सगळ्यांची आम्ही तपासणी केली. तुमच्यात सापडलं.”

“कुठल्या बाळंतपणातलं?”

“ते नाही सांगता येत. दर खेपेला वाढू शकतं. तुम्हाला तीन मुलं ना?”

तिने मान हलवली. दोन मुलगे आणि ही धाकटी. धाकटीच्या वेळी ती मरता मरता वाचली होती. कुणाकुणाच्या पिशव्या तिला चढवल्या, त्यांची तोंडंही तिने कधी पाहिली नाहीत. घरी आल्यावर तिने ठरवलं, आपणही द्यायचं. “आधी स्वतःच्या अंगात तर भरू दे,” नवरा म्हणाला होता. पण ती हट्टाने येत राहिली. कोणाला सांगितलं नव्हतं, पण इथली खाटही तिला आवडायची. दिवसाढवळ्या अंग टाकून पडावं आणि कुणी हाक मारू नये, अशी तिच्या आयुष्यातली ती एकच जागा होती.

“तो माणूस बरा आहे का?”

“पेशंटचं आम्हाला सांगता येत नाही, ताई.”

“बरा असता तर सांगितलं असतं तुम्ही.”

डॉक्टरांनी टेबलावरचा चष्मा उचलून पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“आणि आधीच्या पिशव्या? त्या ज्यांना गेल्या, त्यांचं?”

“तशी तक्रार कधी आली नाही.” ते थांबले. तेवढ्यावर सोडून देणं त्यांच्या जिवावर आलं असावं. “कुणाला धाप लागलीही असेल. आजारामुळेच, असं समजून सोडून दिलं असेल. खरंच माहीत नाही. मुलं झालेल्या बायकांचा प्लाझ्मा आम्ही आधीच बंद करायला हवा होता. चूक आमची आहे, तुमची नाही.”

“त्याच्या घरच्यांना कुणीतरी सांगा, मुद्दाम नव्हतं म्हणावं.”

“तुम्ही कोण, हे त्यांना कधी कळणारच नाही.”

“तेच तर,” ती म्हणाली आणि उठली.

बाहेर धाकटी खाटेवर आडवी होती. खालची पिशवी जवळजवळ भरत आली होती.

“काय म्हणाले गं?”

“वय झालं म्हणाले. आता बास.”

“हॅ! एवढंच सांगायला बोलावलं?” धाकटी फुरंगटली, मग लगेच हसली. “असू दे. आता मी देत जाईन तुझ्याऐवजी. नाहीतरी हे सगळं सुरू कुणामुळे झालं? माझ्यामुळेच ना?”

आईने तिच्या कपाळावरची बट मागे सारली.

“हो,” ती म्हणाली. “तुझ्यामुळेच.”

नर्सने सुई काढली, कापसाचा बोळा ठेवला आणि पिशवी उचलून आतल्या खोलीत नेली. दार बंद होईपर्यंत आई त्या पिशवीकडे बघत राहिली. मग खाटेच्या कडेला बसून तिने अंगठ्याने तो कापूस दाबून धरला.

“आई, सोड ना. थांबलंय केव्हाच.”

“असू दे,” ती म्हणाली. अंगठा तिने उचलला नाही.