चौथ्या रविवारची सवलत

ईस्टरआधीच्या उपवासकाळात, एरवी कोणी लग्न करत नाही तेव्हा, लग्न धरलं म्हटल्यावर आळीतल्या बायकांनी लगेच बोटांवर महिने मोजायला घेतले. मोजा म्हणावं, खुशाल मोजा! माझी भाची तसली नाही. तिची घाई वेगळ्याच कारणाने होती, आणि ते कारण म्हणजे तिचा बाप, माझा सख्खा थोरला भाऊ.

दादा लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो. वर्षभर लोकांच्या पोरी वाजतगाजत सासरी पोचवायच्या आणि मग हॉलच्या मागच्या दाराशी बाटली घेऊन बसायचं. पण राखेच्या बुधवारी कपाळाला राख लागली की ईस्टरपर्यंत थेंब नाही. आईला तिच्या शेवटच्या आजारात तसा शब्द दिलाय त्याने. फक्त रविवार सोडून. रविवार उपवासात धरत नाहीत, हा नियम त्याच्या बरोबर लक्षात राहतो.

थोरलीच्या लग्नात तिचा हात धरून हा वेदीकडे निघाला, अर्ध्या वाटेत झोकांडी गेली, तिच्या डोक्यावरून खाली लोळणाऱ्या जाळीवर पाय पडला आणि दोघंही आडवे. व्याह्यांनी काखेत हात घालून त्याला बाहेर नेलं. थोरली अजून माहेरी येत नाही. म्हणून धाकटीने उपवासकाळातला शनिवार धरला. "फुलं नकोत, बाजा नको, आत्या. बाबा सरळ चालले की झालं," म्हणाली. नवऱ्या मुलाला तिने सगळं सांगितलं होतं. दादाला मात्र काही सांगायची आमची छाती झाली नाही.

आणि लग्नाला आठवडा राहिला असताना फादर हसत हसत घरी आले. मी शिवणयंत्रावर धाकटीचा झगा घेऊन बसले होते, धाकटी शेजारी उभी होती, दादा खिडकीशी ट्रम्पेट पुसत होता.

"मुलीला बिनफुलांच्या कोऱ्या वेदीसमोर उभं करायचं माझ्या जिवावर येतंय," फादर म्हणाले. "शनिवारऐवजी दुसऱ्या दिवशी घेऊ. उपवासकाळातला चौथा रविवार, त्या एका दिवशी सवलत असते. फुलं चालतात, ऑर्गन वाजतो. रविवारच्या मिस्सामध्येच, सगळ्यांच्या प्रार्थनेत, लग्न लावू."

माझं यंत्र थांबलं. धाकटीचा चेहरा पांढराफटक. आणि दादा? तो लहान पोरासारखा खुलला. "म्हणजे मी वाजवलं तर चालेल, फादर?"

"चर्चच्या बाहेर खुशाल वाजव."

आता बापाच्या तोंडावर नाही कसं म्हणायचं? धाकटीने होकाराची मान हलवली आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडली. मी फादरांवर मनातल्या मनात इतकी चिडले, की त्याची कबुली त्यांच्याचपुढे द्यावी लागणार.

"आत्या, तू सांग ना बाबांना. एक रविवार पिऊ नका म्हणावं."

"माझं ऐकणारा असता तर थोरली आज इथे भाज्या चिरत बसली असती."

पुढचे दिवस जीव नुसता टांगणीला. बँडमधला ढोलवाला येऊन दादाच्या पाठीवर थाप मारून गेला, "पोरगी आपली, बाटल्या आमच्या!" मी त्याला दारातूनच असा फटकारला की पाणीसुद्धा न पिता गेला. पण दादा हसत होता. धाकटीचं जेवण सुटलं. झगा मी कमरेत दोनदा आत घेतला, तरी तिच्या अंगावर तो लोंबायचाच.

गुरुवारी दुपारी दादा कुठे जातो ते न सांगता बाहेर पडला. तासभर वाट पाहिली आणि मी कात्री टाकून निघाले, थेट कोपऱ्यावरच्या बारपर्यंत. आत डोकावले, गिऱ्हाइकं माझ्याकडे बघत राहिली. दादा नव्हता. पुढच्या बारमध्येही नव्हता. घरी परतले तर हा खुर्चीत बसलेला, आणि धाकटी भिंतीला टेकून उभी.

"लग्न परत शनिवारवर आणलंय," तो म्हणाला. "फादरांना भेटून आलो. मुलाकडेही जाऊन सांगितलं."

"अरे, आणि फुलं? तुझं वाजवणं?"

"नको."

"फादरांना कारण काय दिलंस?"

"म्हटलं, रविवारी मला माझाच भरवसा नाही." तो चपलांकडे बघत होता. "तुम्हाला काय वाटलं, शनिवार का धरला ते मला कळलं नव्हतं? कळलं होतं. फादरांनी ट्रम्पेटला हो म्हटलं, तेव्हा विसरावंसं वाटलं."

धाकटी त्याच्या खुर्चीपाशी खाली बसली.

शनिवारी वेदीवर जांभळं कापड, एक फूल नाही, ऑर्गन बंद. ट्रम्पेट घरी पेटीत. बापलेक दारातून आत आले आणि त्या शांततेत त्याच्या बुटांचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. टक, टक, एकसारखा, वेदीपर्यंत. ऑर्गन वाजत असता तर तो आवाज मला मिळाला नसता. मी तोंडावर रुमाल धरून रडले, कोण बघतंय याची पर्वा न करता.

दुसऱ्या दिवशी चौथा रविवार होता. चर्च फुलांनी भरलं होतं. मिस्साहून आल्यावर दादाने बाटली काढली, खिडकीशी बसला आणि प्याला. मी आजवर ज्या ज्या शिव्या दिल्यात त्या सगळ्या ओठांवर आल्या. मग मी त्याच्यासमोर जेवणाचं ताट ठेवलं आणि झग्याचे उरलेले तुकडे गोळा करत बसले.